स्वित्झर्लंडची रेल्वे, बोगदे आणि रस्ते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. नोकरीतली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात गेली. मुलगी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरला असते, त्यामुळे निवृत्तीनंतर दरवर्षी दोन-तीन महिने माझा मुक्काम तिथे असतो. तिथल्या रेल्वेबद्दल मी अधूनमधून लिहितो, म्हणून प्रश्न येत राहतात. कुणी सहलीला निघालेलं असतं, कुणाचे आईवडील मुलांकडे चाललेले असतात, काही जण माझ्यासारखे रुळांचे वेडे. पुन:पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेचं जाळं केवढं आहे? आपल्यासारखी एकच सरकारी रेल्वे आहे का?

जाळं साधारण ५,३०० किलोमीटरचं आहे. देश ४१ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्र त्याच्या साडेसातपट आहे. शिवाय निम्म्याहून अधिक भाग आल्प्सने व्यापलेला. एवढ्याशा आणि एवढ्या डोंगराळ देशात इतके रूळ आहेत, हे आधी लक्षात घ्यावं.

मुख्य कंपनी केंद्र सरकारच्या मालकीची. १८९८ साली जनतेने मतदान करून मोठ्या खासगी रेल्वे सरकारने विकत घ्याव्यात असं ठरवलं आणि १९०२ पासून ही संघीय रेल्वे धावू लागली. डब्यांवर एसबीबी, सीएफएफ, एफएफएस अशी अक्षरं दिसतात. त्या तीन वेगळ्या कंपन्या नव्हेत. एकाच नावाची ती जर्मन, फ्रेंच आणि इटालियन रूपं आहेत. हिच्याखेरीज बर्नकडची बीएलएस, ग्राउब्युन्डनमधली राएतियन रेल्वे अशा इतर बऱ्याच कंपन्या आहेत आणि त्यांत बहुतेक ठिकाणी राज्यांचा, म्हणजे कॅन्टनांचा, वाटा आहे. प्रवाशाला याचा त्रास होत नाही. तिकीट एकच काढायचं, त्यात गाडी, बस आणि बोट बदलत जायचं.

२. तिथली पहिली गाडी आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या आधीची का?

हो, पण फार आधीची नाही. आपली १६ एप्रिल १८५३ ची, त्यांची झुरिच ते बाडेन ही गाडी ९ ऑगस्ट १८४७ ची. त्याआधी १८४४ मध्ये फ्रान्सकडून आलेला एक फाटा बासेलपर्यंत पोचला होता, पण देशातल्या देशात धावणारी पहिली गाडी ही झुरिच-बाडेनचीच. बाडेनला मिळणाऱ्या एका गोड पावावरून लोकांनी तिचं नाव ‘स्पॅनिश पावाची गाडी’ ठेवलं. आसपासच्या देशांच्या मानाने स्वित्झर्लंडला रेल्वे उशिराच आली.

३. गाड्या डावीकडून धावतात की उजवीकडून?

डावीकडून, आपल्यासारख्याच. मोटारी मात्र उजवीकडून. आपल्याकडून गेलेला माणूस रस्त्यावर गोंधळतो आणि फलाटावर त्याला घरच्यासारखं वाटतं.

४. खरंच घड्याळ लावावं इतक्या गाड्या वेळेवर असतात का?

जवळपास. तिथे ३ मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तरच गाडी वेळेवर धरतात. या कसोटीवर २०२४ मध्ये एसबीबीचे ९३.२ टक्के प्रवासी वेळेवर पोचले. फलाटावर घोषणा ऐकायला मिळत नाहीत असं नाही. मी स्वतः उशिराच्या गाडीची वाट पाहत थंडीत कुडकुडलो आहे.

शेजाऱ्यांच्या उशिराचं काय करायचं, यावर त्यांचा एक कडक नियम आहे. जर्मनीहून येणारी गाडी फार उशिरा असली तर ती बासेललाच थांबवतात आणि पुढच्या प्रवासासाठी तयार ठेवलेली स्विस गाडी वेळेवर सोडतात. जर्मन गाडीतल्या प्रवाशांना उतरून डबा बदलावा लागतो. पण त्या एका गाडीचा उशीर देशभर पसरत नाही. ज्याने कंट्रोल ऑफिसमध्ये एका उशिराच्या मेलने दिवसभराच्या लोकलचं काय होतं ते पाहिलं आहे, त्याला या नियमाची किंमत कळेल.

स्थानकावरच्या घड्याळाबद्दलही विचारणा होते. हान्स हिल्फिकर या एसबीबीच्या अभियंत्याने १९४४ मध्ये ते आखलं. लाल सेकंदकाटा नंतर आला, गाडी सोडताना फलाटावरचा कर्मचारी दाखवायचा त्या तबकडीच्या आकाराचा. हा काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो, वर येऊन क्षणभर थांबतो आणि मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा विजेचा इशारा आला की पुढे निघतो. त्यामुळे देशातली सगळी घड्याळं मिनिट एकदमच बदलतात.

५. या वेळापत्रकाचं नेमकं गुपित काय? गाड्या तर फार वेगवानही दिसत नाहीत.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि मला सगळ्यांत आवडणारा हाच प्रश्न.

२३ मे १९८२ पासून देशभर तालबद्ध वेळापत्रक सुरू झालं. म्हणजे ८ वाजून २ मिनिटांनी गाडी असेल तर ९ वाजून २ मिनिटांनी, १० वाजून २ मिनिटांनीही असणारच. वेळापत्रक पाठ करायला नको, मिनिट लक्षात ठेवलं की झालं. पण हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा जोडगाड्यांचा आहे. झुरिच, बर्न, बासेल अशा मोठ्या जंक्शनांवर चारी दिशांच्या गाड्या तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याआधी काही मिनिटं येतात, माणसं फलाट बदलतात आणि ठोका पडल्यावर सगळ्या पुन्हा चारी दिशांना निघतात. बदलायला पाच-सात मिनिटं मिळतात आणि ती पुरतात.

आता त्यातली अडचण पाहा. झुरिचहून तासाच्या ठोक्यानंतर सुटलेली गाडी बर्नला पुढच्या ठोक्याच्या जरा आधी पोचली पाहिजे. पूर्वी या प्रवासाला तासाहून थोडा जास्त वेळ लागायचा. म्हणजे गाडी बर्नला पोचेपर्यंत जोडगाड्या निघून गेलेल्या. उलट, ताशी ३०० किलोमीटरची गाडी आणून ४० मिनिटांत पोचवलं असतं तरी प्रवासी बर्नच्या फलाटावर वीस मिनिटं उभे. हवी होती ती तासाला थोडी कमी, एवढीच वेळ. म्हणून त्यांनी आधी वेळापत्रक कागदावर काढलं, कुठे किती मिनिटं कमी पडतात ते पाहिलं आणि तेवढी मिनिटं मिळतील एवढंच बांधकाम केलं. या योजनेचं नाव ‘रेल्वे २०००’. माटश्टेटन ते रोथ्रिस्ट असा ४५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा नवा मार्ग हा तिचा कणा. १२ डिसेंबर २००४ ला नवं वेळापत्रक लागू झालं आणि झुरिच-बर्न ५६ मिनिटांवर आलं. २ मिनिटांनी सुटलेली गाडी ५८ व्या मिनिटाला पोचते.

या योजनेत घोषवाक्यच होतं : शक्य तितकं वेगवान करायचं नाही, गरजेपुरतं वेगवान करायचं. आपल्याकडे मार्ग आधी होतो आणि वेळापत्रक नंतर त्यात कोंबलं जातं. मी तीस वर्षं ते कोंबणं जवळून पाहिलं, म्हणून हा उलटा क्रम मला इतका महत्त्वाचा वाटतो.

६. मग देशात सगळीकडे असं चपखल बसलं आहे का?

नाही. बर्न-लोझान हा दुखरा दुवा आहे. तिथे तासाला काही मिनिटं जास्त लागतात, त्यामुळे लोझानची जोड नीट बसत नाही. रूळ बदलण्याऐवजी, वळणावर डबा आत झुकवून वेग वाढवणाऱ्या दुमजली गाड्या घ्यायच्या आणि ती मिनिटं वाचवायची असा बेत होता. गाड्या आल्या, पण त्या वेगाने वळणं घेताना प्रवास फार हिसक्यांचा होऊ लागला. रुळांचीही झीज वाढली असती. २०२२ मध्ये एसबीबीने तो नाद सोडला. मिनिटं वाचवायची तर शेवटी मार्गावरच खर्च करावा लागणार, हे तेव्हा मान्य झालं.

७. लोक मतदान करून बोगदे ठरवतात हे खरं आहे का?

अगदी खरं. यादीच पाहा. ‘रेल्वे २०००’ साठी ६ डिसेंबर १९८७ ला मतदान झालं, ५७ टक्के लोक बाजूने. आल्प्सखालच्या नव्या बोगद्यांसाठी २७ सप्टेंबर १९९२ ला, जवळपास ६४ टक्के बाजूने. २० फेब्रुवारी १९९४ ला आल्प्स वाचवण्यासाठी परदेशी मालवाहतूक रुळांवर न्यावी, हा नागरिकांनीच मांडलेला प्रस्ताव ५१.९ टक्क्यांनी निसटता मंजूर झाला. सरकार त्याच्या विरोधात होतं. आज तो राज्यघटनेचं ८४ वं कलम आहे.

नकारही मिळतो. २४ नोव्हेंबर २०२४ ला महामार्गांचे सहा टप्पे रुंद करण्याची योजना लोकांनी ५२.७ टक्के मतांनी फेटाळली. सरकार आणि संसद दोन्ही बाजूने असताना.

मतदानाआधी घरोघरी एक छोटी पुस्तिका येते. तिच्यात खर्च, नकाशा, बाजूचं म्हणणं आणि विरोधकांचं म्हणणं असं सगळं असतं. मुलीच्या शेजारच्या आजी ती पेन्सिलीने खुणा करत वाचतात. बोगदा पूर्ण झाल्यावर लोक त्याच्याकडे आपला म्हणून बघतात, त्याचं मूळ मला त्या पेन्सिलीच्या खुणांत दिसतं.

८. एवढा पैसा कुठून येतो?

रेल्वेच्या पायाभूत कामांसाठी एक कायमचा निधी आहे. ९ फेब्रुवारी २०१४ ला ६२ टक्के मतांनी तो मंजूर झाला आणि २०१६ पासून सुरू झाला. त्यात केंद्राचा ठरलेला हिस्सा, अवजड ट्रकांवरच्या करातला वाटा (प्रश्न १३), मूल्यवर्धित करातला छोटा भाग, इंधनकरातला भाग आणि कॅन्टनांचं दरवर्षीचं ५० कोटी फ्रँकचं देणं जमा होतं. कामावर जाण्यायेण्याच्या खर्चापोटी केंद्राच्या आयकरात मिळणाऱ्या सवलतीवरही त्यासाठी मर्यादा घातली गेली. म्हणजे नोकरदारानेही आपल्या खिशातून वाटा उचलला.

निधीतून दुरुस्ती आणि नवं बांधकाम दोन्ही होतं आणि दुरुस्तीला अग्रक्रम आहे. हे वाक्य मी रेल्वेतल्या प्रत्येकाला दोनदा वाचायला सांगेन.

तरी सगळं सुरळीत नाही. आधी मंजूर झालेल्या विस्ताराला अंदाजापेक्षा सुमारे १,४०० कोटी फ्रँक जास्त लागतील हे २०२४ च्या अखेरीस उघड झालं. मग सगळ्या प्रकल्पांची नव्याने तपासणी करावी लागली.

९. गॉटहार्डचा नवा बोगदा एवढा लांब का? आधी बोगदा होताच ना?

होता, १८८२ पासून. गोशेनेन ते आयरोलो, १५ किलोमीटर. लुई फाव्र या कंत्राटदाराने तो घेतला, करार त्याला जड गेला आणि १८७९ मध्ये बोगद्याची पाहणी करतानाच तो कोसळून गेला. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंचं खोदकाम एकमेकांना भिडलं तेव्हा भोकातून सगळ्यांत आधी पलीकडे दिलं गेलं ते फाव्रचं छायाचित्र. या कामात सुमारे २०० मजूर दगावले.

पण तो बोगदा डोंगरात उंचावर, अकराशे मीटरच्या वर आहे. तिथवर पोचायला घाट चढावा लागतो. चढ साधारण हजाराला २७, म्हणजे हजार मीटर पुढे गेलं की २७ मीटर वर, म्हणजे आपल्या बोर घाटाएवढाच. खंडाळ्याला जशी मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिनं लावतात, तशी तिथेही जड मालगाड्यांना जादा इंजिनं लागत. नव्या बोगद्याचा हेतू घाटच काढून टाकण्याचा होता. डोंगराच्या पायथ्याशी, एर्स्टफेल्डला शिरायचं आणि पलीकडे बोदिओला पायथ्याशीच बाहेर पडायचं. बोगद्यातला सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच आहे. पायथ्याशी शिरायचं ठरलं की लांबी आपोआप वाढते : ५७ किलोमीटर. हा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा.

दोन स्वतंत्र नळ्या, प्रत्येकीत एक रूळमार्ग, दर ३२५ मीटरवर दोन्ही नळ्यांना जोडणारी वाट. सेद्रून आणि फायदो इथे आणीबाणीला उतरण्याची ठिकाणं. सगळे बोगदे, कूपक (उभे खोदलेले मार्ग) आणि वाटा मिळून १५२ किलोमीटर खोदकाम. डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर खडक आणि त्या खडकाचं तापमान ४५ अंशांपर्यंत. २ कोटी ८० लाख टन दगड निघाला. त्यातला बराचसा बोगद्याच्याच काँक्रीटला वापरला आणि काही उरीच्या तलावात टाकून पक्ष्यांसाठी आणि पोहणाऱ्यांसाठी छोटी बेटं केली.

सर्वांत मोठी धास्ती होती पिओरा नावाच्या पट्ट्याची. तिथला डोलोमाइट नावाचा खडक पिठीसाखरेसारखा भुसभुशीत आणि पाण्याने भरलेला. १९९६ मध्ये चाचणीच्या छिद्रातून पाणी आणि वाळू जोराने उसळली तेव्हा सगळा प्रकल्पच अडेल असं वाटलं होतं. पुढे आणखी खोलवर छिद्रं घेतल्यावर कळलं की बोगद्याच्या पातळीला खडक कोरडा आणि घट्ट आहे.

१५ ऑक्टोबर २०१० ला पहिली नळी आरपार झाली. १ जून २०१६ ला उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरपासून नेहमीच्या गाड्या सुरू झाल्या. खर्च सुमारे १,२०० कोटी फ्रँक. नऊ कामगारांचा जीव गेला. त्यांची नावं उत्तर तोंडाजवळच्या स्मृतिफलकावर आहेत. मी गेलो तेव्हा तिथे थांबलो होतो.

सिग्नलवाल्यांसाठी एक गोष्ट : आत रुळांकाठी एकही दिवा नाही. हुकूम सगळे रेडिओवरून चालकाच्या समोरच्या पडद्यावर येतात.

१०. गॉटहार्डने गेलो पण खिडकीतून काहीच दिसलं नाही. ते तीनदा दिसणारं चर्च कुठे गेलं?

तुम्ही पायथ्याच्या बोगद्यातून गेलात. वीस मिनिटं अंधार, बस. चर्च आहे वासेनला, जुन्या घाटमार्गावर. गाडी डोंगराच्या पोटात गोल वळून उंची गाठते, त्यामुळे ते चर्च आधी वर, मग समोर आणि शेवटी खाली दिसतं. जुना मार्ग बंद झालेला नाही. ‘ट्रेनो गोत्तार्दो’ नावाची साधी गाडी त्यावरून नेमाने जाते आणि तिला जादा पैसे पडत नाहीत. झुरिच-लुगानो थेट गाडी आता दोन तासांच्या आत पोचवते, घाटाच्या गाडीला तासभर जास्त लागतो. जाताना एक, येताना दुसरी, असं करा.

११. मध्यंतरी बोगदा वर्षभर बंद होता असं ऐकलं. काय झालं होतं?

१० ऑगस्ट २०२३ ला एका मालगाडीच्या डब्याचं चाक फुटलं. तुकडे होऊनही गाडी काही किलोमीटर ओढली गेली आणि पुढे रूळ बदलण्याच्या सांध्यावर डबे घसरले. सुमारे ७ किलोमीटरचा रूळमार्ग आणि रुळांखालचे हजारो काँक्रीट स्लीपर उखडले गेले. कुणाला इजा झाली नाही. दुसरी नळी शाबूत होती, म्हणून दोन आठवड्यांत मालगाड्या तिच्यातून सुरू करता आल्या. प्रवासी गाड्यांपैकी बहुतेक जुन्या घाटाने वळवल्या. सगळं पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला.

‘नवा बोगदा झाला, आता जुना मार्ग उखडा’ म्हणणारे तिथेही होते. त्या वर्षभरात त्यांना उत्तर मिळालं.

१२. लॉट्शबर्ग, चेनेरी हे बोगदे वेगळे का? त्यांची गरज काय?

लॉट्शबर्गचा पायथ्याचा बोगदा पश्चिमेकडचा, बर्नकडून ‘वाले’ नावाच्या खोऱ्यात जाणारा. ३४.६ किलोमीटर, २००७ मध्ये सुरू. काटकसर म्हणून त्याच्या बऱ्याच लांबीत एकाच नळीत रूळ घातले. त्यामुळे आत एकेरी मार्गाचा मोठा तुकडा उरला आणि आज तिथे गाड्यांची कोंडी होते. वाचवलेला पैसा पुढे महाग पडतो, त्याचा हा नमुना.

चेनेरी १५.४ किलोमीटरचा, २०२० चा. गॉटहार्ड सपाट झाला तरी पुढे लुगानोच्या अलीकडे एक छोटा घाट राहतच होता. तो राहिला असता तर मालगाडीला तेवढ्यासाठी जादा इंजिन लागलंच असतं.

१३. ट्रकवाल्यांना रेल्वेकडे वळायला भाग कसं पाडतात?

कराने आणि बंदीने. १ जानेवारी २००१ पासून साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीला धावलेले किलोमीटर, वजन आणि धूर यांच्या हिशेबाने कर द्यावा लागतो, देशातल्या कुठल्याही रस्त्यावर. दोन तृतीयांश केंद्राला, एक तृतीयांश कॅन्टनांना. शिवाय रात्री १० ते पहाटे ५ आणि रविवारी अवजड ट्रकांना मनाई. युरोपीय संघाशी सौदा झाला तेव्हा बदल्यात ट्रकांची वजनमर्यादा २८ टनांवरून टप्प्याटप्प्याने ४० टन केली गेली.

फळ मिळालं का? अर्धं. २००० मध्ये वर्षाला १४ लाख ट्रक स्विस आल्प्स ओलांडत, आता साधारण ९ लाखांच्या वर. कायद्यातलं लक्ष्य साडेसहा लाखांचं आहे, ते अजून गाठलेलं नाही. आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी सुमारे ७० टक्के माल रेल्वेने जातो. शेजारच्या देशांत एवढा जात नाही.

१४. आपल्या कोकण रेल्वेसारखी ट्रक चढवून नेणारी गाडी तिथे आहे का?

होती. जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून इटलीतल्या नोवारापर्यंत अख्खे ट्रक सपाट डब्यांवर चढायचे, चालक वेगळ्या डब्यात झोपायचे. ती सेवा सरकारी मदतीवर चालत होती आणि २०२५ च्या अखेरीस थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. कारण सरळ आहे : ट्रकच्या इंजिनाचं आणि चाकांचंही वजन डोंगरापार न्यावं लागतं. तिथे आता फक्त कंटेनर किंवा मागची ट्रॉली उचलून डब्यावर ठेवण्याकडे कल आहे. आपली कोकणातली रो-रो १९९९ पासून चालू आहे. आपल्याकडे ती टिकण्याचं मोठं कारण मुंबई-गोवा रस्त्याची अवस्था आहे, असं माझं मत.

१५. नवे बोगदे तयार असूनही माल अडतो म्हणतात, ते का?

कारण बोगद्याला जोडणारे मार्ग शेजाऱ्यांच्या हद्दीत आहेत. जर्मनीत कार्ल्सरूह ते बासेल चौपदरी रूळमार्ग अजून पुरा झालेला नाही. १२ ऑगस्ट २०१७ ला राश्टाट इथे नव्या बोगद्याचं काम चालू असताना वरचे चालू रूळ खचले आणि हा मार्ग ५१ दिवस बंद पडला. रॉटरडॅम ते जेनोवा हा सगळा मालाचा रस्ता त्या एका जागेने अडवला.

१६. गॉटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्यात एवढी रांग का? दुसरा का खोदत नाहीत?

खोदत आहेत. १९८० मध्ये खुला झालेला हा १६.९ किलोमीटरचा बोगदा एकाच नळीचा आहे, समोरासमोर वाहतूक. ईस्टर आणि उन्हाळी सुट्टीत दहा-दहा किलोमीटर रांगा लागतात. २४ ऑक्टोबर २००१ ला आत दोन ट्रक धडकून आग लागली, ११ जण गेले. तेव्हापासून ट्रक ठरावीक अंतराने, मोजून सोडतात.

२८ फेब्रुवारी २०१६ ला दुसऱ्या नळीला ५७ टक्के मतं मिळाली. पण वर सांगितलेलं ८४ वं कलम आल्प्समध्ये रस्त्याची क्षमता वाढवू देत नाही. म्हणून दोन्ही नळ्या झाल्यावरही प्रत्येकीत एकाच लेनवर वाहतूक राहील. समोरासमोरची टक्कर टळेल, रांग मात्र हटणार नाही. सुट्टीत मोटारीने जात असाल तर सान बेर्नार्दिनोचा रस्ता धरा, किंवा सरळ गाडीने जा.

१७. काका, तुम्ही ‘खेकडा’ इंजिन स्विस होतं म्हणालात, ते कसं?

हे उत्तर लिहिताना मला खरा आनंद होतो. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, तेव्हा त्यांनी डोंगरातल्या पाण्यावर वीज करून रेल्वे चालवायचं ठरवलं. १९२० मध्ये गॉटहार्डच्या घाटात वीज आली. एसबीबीची स्वतःची जलविद्युत केंद्रं आहेत, कारण त्यांची वीज १५,००० व्होल्ट आणि १६.७ हर्ट्झची, घरगुती विजेपेक्षा वेगळी. आज जवळपास सगळं जाळं विजेवर आहे.

गॉटहार्डसाठी त्यांनी पुढे-मागे लांब नाक असलेली, तीन भागांत वळणारी इंजिनं केली. तिथे त्यांना ‘मगर’ म्हणतात. ती बनवणाऱ्या विंटरथुरच्या कारखान्यातूनच १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेसाठी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजासाठी, त्याच घडणीच्या इंजिनांची पहिली तुकडी मुंबईला आली. कल्याण-पुणे मार्गावर १९२९ मध्ये वीज सुरू झाली, पुढे इगतपुरीलाही. बाजूचे दांडे हलवत घाट चढणाऱ्या त्या इंजिनाला आपल्या माणसांनी नाव दिलं खेकडा. मी नोकरीला लागलो तेव्हा मोजके खेकडे शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवायला, उरले होते. त्यातला एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. विंटरथुरच्या ज्या भागातून मुलगी रोज सायकलने जाते, तिथेच तो कारखाना होता.

१८. झुरिचला मेट्रो का नाही?

लोकांनी दोनदा, १९६२ आणि १९७३ मध्ये, मतदानात नाकारली. त्याऐवजी ट्राम टिकवल्या आणि १९९० पासून उपनगरी गाड्यांचं दाट जाळं उभं केलं. देशात मेट्रो म्हणावी अशी लोझानलाच आहे.

१९. दातेरी रूळ नसताना गाडी किती चढ चढू शकते?

राएतियन रेल्वेचा बेर्निना मार्ग हजाराला ७० चढतो, साध्या रुळांवर, आणि २,२५३ मीटर उंचीची खिंड ओलांडतो. एक मीटर रुंदीच्या या मार्गाला आणि शेजारच्या आल्बुला मार्गाला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. याहून फार जास्त चढाला दातेरी रूळ लागतात. पिलाटुसला १८८९ पासून हजाराला ४८० चढ आहे. युंगफ्राउची गाडी १९१२ मध्ये ३,४५४ मीटरवर पोचली, शेवटचा बहुतेक भाग डोंगर पोखरून.

२०. स्विस ट्रॅव्हल पासवर युंगफ्राउयोख फुकट आहे ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पर्यटकांचा हा पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, पुढे फक्त सवलत मिळते. रिगीचा डोंगर मात्र पासात पूर्ण येतो.

२१. मुलगा तिथे नोकरीला आहे. आमच्याबरोबर त्यालाही तोच पास काढता येईल का?

नाही. तो देशाबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे. मुलाने अर्ध्या तिकिटाचं वार्षिक कार्ड काढावं. त्याची प्रथा १८९१ पासूनची आहे आणि तिथल्या बहुतेक घरांत ते असतंच.

२२. ग्लेशियर एक्सप्रेसचं आरक्षण मिळालं नाही. सहल वाया गेली का?

मुळीच नाही. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साध्या गाड्या दर तासाला जातात आणि त्यांना आरक्षण लागत नाही. दोन-तीनदा गाडी बदलावी लागेल, पण खिडकी उघडता येणारे डबे बऱ्याच गाड्यांना असतात. लांडवासरचा ६५ मीटर उंच पूल मला साध्या गाडीच्या उघड्या खिडकीतूनच जास्त आवडला.

२३. भाड्याच्या मोटारीला टोल कुठे भरायचा?

टोलनाके नाहीत. महामार्गासाठी वर्षाचा ४० फ्रँकचा परवाना लागतो. काचेवर चिकटवायचा किंवा ऑगस्ट २०२३ पासून गाडीच्या क्रमांकावर ऑनलाइन घ्यायचा. तिथलीच मोटार असेल तर तो आधीच असतो, शेजारच्या देशातून घेतली असेल तर विचारून घ्या, दंड २०० फ्रँक आहे. घाटरस्त्यावर पिवळ्या भोंग्याची पाटी दिसली तर पिवळ्या पोस्ट बसला आधी वाट द्यायची आणि तिचा चालक सांगेल तसं मागे-पुढे व्हायचं.

२४. आईचे गुडघे दुखतात. डब्यात चढायला पायऱ्या असतात का?

नव्या गाड्यांचं दार फलाटाच्या पातळीला असतं, जुन्या डब्यांना पायऱ्या आहेत. अपंगांच्या समानतेच्या कायद्याने सगळी स्थानकं २०२३ अखेरपर्यंत बिनपायरीची व्हायला हवी होती, पण शेकडो स्थानकं राहिली आणि ती बहुधा लहान गावांतली आहेत. एसबीबीच्या ॲपमध्ये गाडीपुढे चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असतं, ते पाहून गाडी निवडा. जोडगाडी बदलायला पाच मिनिटं दाखवत असेल तर आईबरोबर असताना ती सोडून द्या. पुढची अर्ध्या तासात आहेच (प्रश्न ५).